परदेशी रेल्वेचं तिकीट आणि ‘डू नॉट ऑनर’

शून्य पाच. बँकांच्या कॉम्प्युटरांच्या भाषेत या दोन आकड्यांचा अर्थ ‘डू नॉट ऑनर’. साध्या मराठीत, या कार्डाचा मान राखू नका. कार्डाचे व्यवहार एका बँकेच्या मशीनने दुसऱ्या बँकेच्या मशीनला कोणत्या शब्दांत कळवायचे, हे ठरवणारं आयएसओ ८५८३ नावाचं एक स्टँडर्ड १९८७ साली आलं. त्यात नकारांची एक यादीच आहे. ५१ म्हणजे खात्यात पैसे नाहीत. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. १४ म्हणजे नंबरच चुकला. हे सगळे सरळमार्गी नकार. ०५ हा मात्र खास सरकारी कचेरीतला नकार आहे: नाही म्हणजे नाही, कारण विचारू नका. परदेशी रेल्वेचं तिकीट काढताना बहुतेकदा हाच वाट्याला येतो. पडद्यावर अर्थात ०५ दिसत नाही. दिसतं ते ‘पेमेंट होऊ शकलं नाही, पुन्हा प्रयत्न करा’ छापाचं गुळमुळीत वाक्य, आणि नशीब फारच फुटकं असेल तर तेही इटालियनमध्ये.

मागच्या वर्षी आमच्या टीममधल्या एकाला लंडन ते एडिंबरा अशी दोन तिकिटं काढायची होती, आईबाबांसाठी. बाबा रिटायर झाले म्हणून त्याने पहिल्यांदाच त्यांना परदेशी पाठवायचा घाट घातला होता. तिकडे आगाऊ तिकिटांचा एक स्वस्त कोटा असतो, तो संपला की भाव चढतो, त्यामुळे घाई. चार वेळा कार्ड टाकलं, चारही वेळा साइटने नकार दिला. मोबाइलवर मात्र बँकेचे चार मेसेज, अमुक पौंड वजा झाले म्हणून. बँकेला फोन केला तर ‘सर, आमच्याकडून व्यवहार मंजूर आहे’. साइटला मेल केला तर ‘तुमच्या बँकेकडे चौकशी करा’. (सॉफ्टवेअरवाल्यांना हा संवाद ओळखीचा वाटेल. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’!) मग मी जरा खोदायला लागलो, आणि लक्षात आलं की दोघंही खरं बोलत होते. भानगड त्या दोघांच्या फार आधीची आहे. तिच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: चोरी झाली तर भुर्दंड कोणी भरायचा? प्रत्येक देशाने याचं उत्तर आपापल्या काळात, आपापल्या सोयीने दिलं. परदेशी तिकीट काढताना दोन देशांची उत्तरं समोरासमोर येतात आणि आपण मधल्या मधे लटकतो.

पैसे आहेत पण चालत नाहीत, हे प्रवाशाचं रडगाणं तसं जुनंच. १८९० च्या सुमारास अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीचा अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपात फिरायला गेला. खिशात बँकांची पतपत्रं होती, पण मोठी शहरं सोडली की त्यांना कोणी विचारेना. एवढ्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाची ही कथा, मग इतरांचं काय! परत आल्यावर त्याने आपल्या मार्सेलस बेरी नावाच्या माणसाला कामाला लावलं आणि १८९१ साली ट्रॅव्हलर्स चेक जन्माला आला. त्यातली युक्ती मला भारी वाटते. चेक घेताना एक सही करायची, तो वटवताना समोरच्याच्या देखत दुसरी. दोन सह्या जुळल्या की पैसे. आपण आज ज्याला ऑथेंटिकेशन म्हणतो ते बेरीने शाई आणि कागदावर करून दाखवलं. शिवाय चेक हरवला तर कंपनी भरून देणार, म्हणजे तोटा कोणाचा हेही आधीच ठरलेलं. म्हणून तो चेक अनोळखी गावातला हॉटेलवालाही घेत असे.

कार्डं आली तेव्हा अमेरिकेने वेगळा रस्ता धरला. तिथे टेलिफोनचं जाळं उत्तम आणि कॉल स्वस्त. मग कार्ड हुशार असायची गरजच काय? मागे एक चुंबकीय पट्टी चिकटवा, आणि दर व्यवहाराला फोनच्या तारेवरून बँकेला विचारा. अडचण आली ती फोनवरून आणि पोस्टाने माल मागवणाऱ्या गिऱ्हाइकांची. अमेरिकेत कॅटलॉग चाळून घरबसल्या खरेदी करण्याची मोठी परंपरा. त्यात कार्ड दुकानदाराच्या हातात येतच नाही. कायदा असा, की कार्ड चोरून कोणी वापरलं तर ग्राहकावर जास्तीत जास्त ५० डॉलरचा भार. ही मर्यादा १९७० सालची. उरलेला तोटा कोणाचा? समोरासमोरच्या खरेदीत बँकेचा, पण कार्ड न बघता माल दिला असेल तर दुकानदाराचा. हा नियम नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडतं.

दुकानदाराला काहीतरी खूणगाठ हवी होती. ती सापडली पत्त्यात. बिल ज्या पत्त्यावर जातं तो पत्ता खऱ्या मालकाला माहीत असणार, चोराला बहुधा नाही. पण पत्ता जुळवून बघणं किती कटकटीचं असतं हे ज्याने डेटाबेसमध्ये एकदा तरी केलंय त्यालाच ठाऊक. ‘रोड’, ‘रस्ता’, ‘आरडी’, त्यात स्पेलिंगच्या शंभर तऱ्हा. म्हणून त्यांनी अक्षरं सोडूनच दिली. फक्त आकडे घ्यायचे, घर नंबर आणि झिप कोड, आणि तेवढेच बँकेकडच्या नोंदीशी ताडायचे. याला एव्हीएस म्हणतात, पत्ता पडताळणी. उत्तर एका अक्षरात येतं. वाय म्हणजे दोन्ही जुळलं, झेड म्हणजे नुसता झिप जुळला, एन म्हणजे काहीच नाही. आणि जी म्हणजे, ही बँक बाहेरच्या देशातली आहे आणि या पद्धतीत भागच घेत नाही.

ही पद्धत अमेरिकेशिवाय कॅनडा आणि ब्रिटनमध्ये चालते, आपल्याकडे चालत नाही. खरी मेख पुढे आहे. व्यवहार मंजूर आहे की नाही हे एक उत्तर, आणि पत्ता जुळला की नाही हे त्याच्यासोबत येणारं दुसरंच उत्तर. बँक म्हणते, पैसे आहेत, मंजूर. आणि सोबत म्हणते, पत्त्याचं मला माहीत नाही. आता तिकीट द्यायचं की नाही हे साइटने ठरवायचं. तोटा तिच्या डोक्यावर असल्याने ती म्हणते, नकोच. आणि मंजूर झालेला व्यवहार स्वतःहून रद्द करते. पण तोवर बँकेचा मेसेज आपल्या मोबाइलवर येऊन पोचलेला असतो. मित्राच्या बाबतीत झालं ते हे. चारदा अडकलेले पैसे आठवडाभरात सुटले, पण तोवर स्वस्त कोटा संपला होता. शेवटी दुसऱ्या एका साइटवर ओटीपी विचारला गेला आणि पहिल्या फटक्यात तिकिटं निघाली, जवळजवळ दुप्पट भावाने.

झिप कोडवरून आठवलं. अमेरिकेचा झिप १९६३ चा, पाच आकडी. आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ चा, सहा आकडी, आणि तो बसवला एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्रीय संचार मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात एकाच नावाची कितीतरी गावं, दहा भाषा, दहा लिप्या. त्यातून पत्र नेमकं पोचावं म्हणून काढलेला तोडगा. अमेरिकेत या कामाला पाच आकडे पुरले, आपल्याला सहा लागले. पण अमेरिकी फॉर्म लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने रकाना पाच घरांचाच ठेवला की आपला ४११०३८ शेवटच्या आठासकट आत मावत नाही. न्यूयॉर्कच्या सबवेत १९९९ पासून मेट्रोकार्डाची मशीन लागली, ती क्रेडिट कार्ड टाकलं की झिप विचारायची. परदेशी माणसाने काय करायचं? त्यांचं अधिकृत उत्तर होतं, ९९९९९ दाबा. म्हणजे जगातल्या उरलेल्या सगळ्या माणसांचा मिळून एकच पत्ता :-) ३१ डिसेंबर २०२५ ला मेट्रोकार्डाची विक्री थांबली आणि त्यासोबत हा पत्ताही गेला.

फ्रान्सची गोष्ट बरोबर उलटी. १९७० च्या सुमारास फ्रान्सची टेलिफोन व्यवस्था इतकी रडकी होती की अर्धा देश फोनच्या प्रतीक्षा यादीत आणि उरलेला अर्धा डायल टोनच्या प्रतीक्षेत, असं तिथलेच लोक म्हणायचे. (आपल्याकडे फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.) दर खरेदीला बँकेला फोन करणं परवडणारं नव्हतं. तेव्हा फोन न करता कार्डानेच आपली ओळख पटवली पाहिजे. रोलां मोरेनो या माणसाने मार्च १९७४ मध्ये चिपच्या कार्डाचं पेटंट घेतलं. पुढे फ्रेंच बँकांनी ती कल्पना उचलली आणि १९९२ संपेपर्यंत तिथली सगळी बँक कार्डं चिपची झाली, सोबत चार आकडी पिन. ब्रिटनला त्यासाठी २००६ उजाडलं. अमेरिकेत २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलला, चिपचं मशीन न ठेवणाऱ्या दुकानदारावर चोरीचा तोटा टाकला, तेव्हा कुठे दुकानदार हलले. आणि आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने पट्टीवाली कार्डं बदलून चिपची करायला ३१ डिसेंबर २०१८ ही तारीख दिली होती.

याचा रेल्वेशी संबंध? थेट. फ्रेंच रेल्वे इंटरनेटच्या आधीपासून मिनिटेलवर तिकिटं विकायची, टीव्हीसारखा छोटा पडदा आणि कळफलक, टेलिफोनला जोडलेला. २०१२ च्या ३० जूनपर्यंत चाललं ते. घरबसल्या तिकीट काढायची सवय त्यांना कधीचीच. इंटरनेट आल्यावर पद्धत अशी बसली की बुकिंग साइटवर करायचं आणि स्टेशनवरच्या मशीनमध्ये तेच कार्ड सारून तिकीट छापून घ्यायचं. फ्रेंच माणसाला यात काय अडचण! पट्टीवालं कार्ड घेऊन आलेला पर्यटक मात्र पैसे भरूनही मशीनसमोर उभाच. जर्मनीत तर बरीच वर्षं तिकीट तपासनीस डब्यात येऊन, ओळख म्हणून बुकिंगच्या वेळी नोंदवलेलं कार्ड बघायला मागायचा. इथे बसून मुलाच्या कार्डावर काढलेलं तिकीट घेऊन आई डब्यात बसली असेल तर? हा प्रश्न त्या पद्धतीच्या आखणीत कोणाला पडलाच नव्हता. हॉलंडने २००५ मध्ये आयडील आणलं, स्वतःच्या बँकांचं. डच खातं असलेल्याला झकास, नसलेल्याला दार बंद. विमान कंपन्यांचं गिऱ्हाईक पहिल्यापासून जगभरचं. रेल्वेचं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या गावाला जाणारा स्वतःच्या देशातला माणूस, आणि साइट बांधली गेली ती त्याच्यासाठी. त्यामुळे हा त्रास विमानाच्या तिकिटापेक्षा रेल्वेच्या तिकिटाला जास्त, असं माझं मत.

इंटरनेटवर ओळख कशी पटवायची यावर पहिला मोठा प्रयत्न १९९६ चा. व्हिसा आणि मास्टरकार्डने मिळून एसईटी नावाची पद्धत काढली. कागदावर अप्रतिम, पण प्रत्येक ग्राहकाने आपल्या पीसीवर वेगळं सॉफ्टवेअर आणि डिजिटल प्रमाणपत्र बसवायचं. कोण बसवणार? पद्धत मेली. २००१ मध्ये व्हिसाने थ्री-डी सिक्युअर आणलं. यात ग्राहकाला काहीच बसवावं लागत नाही. पैसे भरताना साइट त्याला क्षणभर त्याच्याच बँकेच्या पानावर पाठवते, बँक पासवर्ड विचारते आणि हिरवा झेंडा दाखवते. पण दुकानदारांनी हे का घ्यावं? एक जास्तीचं पान म्हणजे तिथे गळणारी गिऱ्हाइकं. म्हणून आमिष दाखवलं: ओळख बँकेने पटवली तर चोरीचा तोटा बँकेचा, दुकानदार सुटला. फिरून तोच प्रश्न, भुर्दंड कोणाचा.

अमेरिकेतल्या दुकानदारांनी हिशेब केला की गिऱ्हाईक गळण्यापेक्षा थोडी चोरी परवडली. आपल्या रिझर्व्ह बँकेने हिशेब त्यांच्यावर सोडलाच नाही. १८ फेब्रुवारी २००९ ला परिपत्रक निघालं आणि १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला कार्डावर न छापलेली आणखी एक खूण सक्तीची झाली. आधी पासवर्ड, मग ओटीपी. तेव्हा केवढी कुरकुर झाली होती! गिऱ्हाइकाला त्रास, धंदा बुडेल वगैरे. आज ओटीपीशिवाय पैसे गेले तर आपल्यालाच धडकी भरते. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत सामान्य माणसाच्या खिशाचं रक्षण करणारे जे निर्णय झाले त्यात हा फार वरचा.

पण त्या नियमाला एक खिंडार होतं. ज्या व्यवहारात परकीय चलन देशाबाहेर जातं, तिथे ही सक्ती नव्हती. असणार तरी कशी? परदेशातल्या दुकानदाराला आपली रिझर्व्ह बँक काय सांगणार? उबरने याच वाटेने व्यवहार बाहेरून फिरवले होते, भारतातल्या टॅक्सीचं भाडं परदेशी बँकेमार्फत, ओटीपीशिवाय. ते ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकाने बंद झालं. खरा परदेशी व्यवहार मात्र मोकळाच राहिला. म्हणजे माझ्या कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढं चोराच्या हाती लागलं, तर पुण्यातल्या दुकानात त्याचा उपयोग शून्य, पण बाहेरच्या एखाद्या साइटवर ओटीपीशिवाय खरेदी होऊ शकते. आता बँकेच्या बाजूने बघा. मध्यरात्री, कधी न वापरलेल्या देशातून, ओटीपीशिवाय पौंडांचा व्यवहार येतो. हा मुलगा आईबाबांसाठी तिकीट काढतोय की चोर आहे? तिच्या बाजूने दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. मग जातं ०५.

जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने दुसऱ्या टोकाकडून कुलूप घातलं. नवीन कार्ड येतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठी चालू. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर आपण स्वतः सुरू करायचा. हे १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं. त्यामुळे परदेशी तिकीट अडलं की आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ ही दोन्ही बटणं बघा. अनेक जण एकच चालू करतात. त्याच पानावर दिवसाची मर्यादा असते, तीही बघा. व्यवहार पौंडात असला तरी मर्यादा रुपयांत मोजली जाते. हे ठीक असूनही नकार आला तर लगेच तेच कार्ड पुन्हा पुन्हा टाकू नका, कारण एका तासात पाच प्रयत्न हे चोराचं लक्षण म्हणून मोजलं जातं आणि शंकेखोर यंत्राची शंका पक्की होते. ओटीपीचं पान आलंच नाही आणि नकार आला, तर समजा की साइटने थ्री-डी सिक्युअर वापरलं नाही. दुसऱ्या विक्रेत्याकडे तेच तिकीट शोधा. पान आलं पण ओटीपी आला नाही, तर प्रश्न सिमचा किंवा रोमिंगचा. आणि बँकेला फोन लावलाच तर ‘व्यवहार का अडला’ असं मोघम विचारू नका. ‘नकाराचा कोड काय’ आणि ‘मंजूर होऊन नंतर रद्द झाला का’ एवढं विचारा. दुसऱ्याचं उत्तर हो असेल तर बँकेशी भांडण्यात अर्थ नाही. परताव्याबद्दल एक बारीक गोष्ट: नुसता अडवून ठेवलेला पैसा सुटला तर तेवढाच परत येतो, पण व्यवहार पूर्ण होऊन मग परतावा आला तर त्या दिवशीच्या दराने येतो, आणि थोडे रुपये वाटेत सांडतात.

युरोपने आपल्यासारखी सक्ती केली ती दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१९ पासून, आणि ऑनलाइन खरेदीसाठी ती प्रत्यक्ष बसायला २०२० संपलं. तिथल्या नियमांत आपल्यासारख्यांसाठी एक मजेशीर शब्द आहे, ‘वन लेग आउट’. दोन बँकांपैकी एक युरोपाबाहेरची, म्हणजे एक पाय बाहेर. अशा व्यवहाराला सक्ती पूर्ण लागू नाही, जमेल तेवढं करा. आपलं कार्ड युरोपातल्या रेल्वेच्या साइटवर गेलं की ते हे असं, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर.

२५ सप्टेंबर २०२५ ला रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले, त्यात खिंडाराची दखल आहे. परदेशी दुकानदाराने किंवा त्याच्या बँकेने ओळख पटवायची विनंती केली तर भारतीय बँकेने ती पटवून देण्याची व्यवस्था ठेवलीच पाहिजे, आणि कार्ड समोर नसलेल्या परदेशी व्यवहारांसाठी जोखीम तोलणारी यंत्रणाही. मुदत १ ऑक्टोबर २०२६. म्हणजे आपल्या बाजूच्या बँकांवर बंधन आलं. विनंती करायची की नाही, हे अजून रेल्वेच्या साइटच्याच हातात आहे. आयफेल टॉवरचं तिकीट फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयने काढता येतं. टॉवरपर्यंत नेणाऱ्या गाडीच्या तिकिटासाठी मात्र कार्डच बाहेर काढावं लागतं.